कलकत्त्याचे वाटाडे

गेल्या हिवाळ्यात सरकारी कामानिमित्त कलकत्त्यास जाणे झाले. काम अपेक्षेपेक्षा एक दिवस आधी आटोपले, म्हणून सियालदा स्थानकाजवळ एक भाड्याची मोटार केली आणि उत्तरेस बागबाजारकडे निघालो. मोटार विजेवर चालणारी होती. यंत्राची घरघर नाही, धुराचा वास नाही. आणि चालकाच्या शेजारी, पूर्वी जेथे रेडिओ आणि देवाची तसबीर असे तेथे, दीड वीत रुंदीचा काचेचा पडदा. चालकाने आपला फोन एका तारेने त्या पडद्याशी जोडला मात्र, शहराचा नकाशा त्यावर उमटला. एक निळी रेघ ओढली गेली, तिच्या मुळाशी बाण उभा राहिला, आणि एक स्त्रीकंठ बंगाली नावाचा इंग्रजी धर्तीने उच्चार करीत म्हणाला की, आचार्य प्रफुल्लचंद्र मार्गाने सरळ जावे.

माझे लक्ष त्या रेघेच्या आकाराकडे गेले. ‘सरळ जावे’ असे ती बाई म्हणत होती खरी, पण रेघ सरळ नव्हती. शहराला कवेत घेतल्यासारखी ती पूर्वेकडून वळसा घालून उत्तरेकडे जात होती. कलकत्त्यातील जुनी माणसे ह्या रस्त्याला अजून ‘सर्क्युलर रोड’ म्हणतात. तो वाटोळा का, ह्याचे कारण ज्या इतिहासात दडले आहे, त्याच्याशी तुमचा-माझा, म्हणजे महाराष्ट्राचा, निकटचा संबंध आहे. हा रस्ता आपल्या पूर्वजांच्या भयाने खणलेल्या एका खंदकाच्या वाटेवर बसलेला आहे.

१७४२ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर चौथाईची मागणी घेऊन बंगालवर चालून गेले. त्या स्वारीच्या आणि तिच्यामागून झालेल्या स्वाऱ्यांच्या कथा आपल्या बखरींत एका सुरात सांगितल्या जातात आणि बंगालच्या खेड्यांत दुसऱ्या. आपला ‘बारगीर’ हा शब्द तिकडे ‘बर्गी’ झाला. आपल्याकडे बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावर बसणारा साधा स्वार. पदरचे घोडे बाळगणारा तो शिलेदार. तिकडे बर्गी म्हणजे गावे जाळणारा आणि उभे पीक लुटणारा, आणि मूल झोपत नसले की आई अंगाईत त्याचेच नाव घेते. मराठी माणसाच्या कानावर ही अंगाई प्रथम पडते तेव्हा तो जरा अवघडतो. आणि अवघडावे हेच योग्य.

त्या वर्षी कलकत्त्याच्या देशी रहिवाशांनी ईस्ट इंडिया कंपनीकडे अर्ज केला की, वस्तीभोवती खंदक खणण्यास परवानगी मिळावी, खर्च आम्ही सोसू. उत्तरेस सुतानुटीपासून दक्षिणेस गोविंदपूरपर्यंत सात मैलांचा तो खंदक व्हावयाचा होता. सहा महिन्यांत तीन मैल खणून झाला. तोवर लोकांच्या ध्यानात आले की, मराठे काही गंगा ओलांडून कलकत्त्यावर येत नाहीत; आणि काम थांबले ते थांबलेच. १७४४ मध्ये अलीवर्दीखानाने भास्कररामांस भेटीस बोलावून दग्याने मारले, पुढे १७५१ च्या तहाने सालिना बारा लाख रुपयांची चौथाई मान्य केली, आणि तो अर्धामुर्धा खंदक गाळ साठवीत पडून राहिला.

त्याची खरी परीक्षा मराठ्यांनी घेतलीच नाही. ती घेतली १७५६ च्या जूनमध्ये नवाब सिराजउद्दौल्याने. नवाबाची फौज प्रथम उत्तरेस बागबाजारपाशी अडली. ऑर्म ह्या समकालीन इतिहासकाराच्या लेखनावरून दिसते की, अमीचंद ह्या धनिक व्यापाऱ्याच्या चाकरीतील एका जमादाराने नवाबाच्या लोकांना पूर्वेकडच्या वाटा दाखवून दिल्या. खंदक कोठे संपतो आणि कोठून विनासायास आत शिरता येते, हे ज्याला पायांखालच्या अनुभवाने ठाऊक होते असा तो एक वाटाड्या. किल्ला पडला. वाट ठाऊक असलेला माणूस कोणाच्या बाजूला आहे, ह्यावर एका शहराचे भवितव्य ठरले. पुढे कंपनीचा अंमल बसला तेव्हा तिने प्रथम जी कामे हाती घेतली त्यांत वाटांची मोजणी होती, ह्याचे म्हणूनच नवल वाटू नये.

ते काम जेम्स रेनेल ह्या तरुण आरमारी माणसाकडे आले. १७६४ पासून तो बंगालच्या नद्या मोजीत होता. १७६७ मध्ये क्लाइव्हने त्यास बंगालचा सर्वेक्षक-प्रमुख नेमले, आणि भारतीय सर्वेक्षण विभाग आपली जन्मतिथी तेव्हापासूनच मोजतो. रस्ते मोजण्यासाठी त्या काळी दांड्याला लावलेले एक मोठे चाक असे. एक माणूस ते ढकलीत चाले आणि चाकाचे फेरे मोजून अंतर निघे. आजच्या मोटारीचे अंतरमापक तरी दुसरे काय करते? रेनेलचा बंगालचा नकाशासंग्रह १७७९ चा. त्याची कीर्ती मोठी आहे. मला मात्र त्याच्या एक वर्ष आधी, १७७८ मध्ये, लंडनला छापलेले त्याचेच एक पुस्तक अधिक महत्त्वाचे वाटते. त्यात बंगाल आणि बिहार येथील रस्त्यांचे वर्णन आहे. कलकत्त्याहून अमुक ठिकाणी जावयाचे तर वाटेत कोणती गावे लागतील आणि किती कोस पडतील, हे कागदावर पाहून कळावे ह्यासाठी ते रचले. पडद्यावरच्या निळ्या रेघेचा हा पणजोबा म्हणावयास हरकत नाही.

पण हा पणजोबा कोणासाठी वाट दाखवीत होता? पलटणीच्या कप्तानासाठी, खजिना हलविणाऱ्या अंमलदारासाठी, वसुलीच्या साहेबासाठी. ज्या शेतकऱ्याने, ज्या नावाड्याने विचारल्यावर गावाचे नाव सांगितले, नदीचा उतार दाखविला, तो त्या पुस्तकाचा वाचक नव्हता. त्याची वाट त्याच्याकडून घेतली गेली आणि अशा कागदावर मांडली गेली की, तो कागद त्यास पुन्हा दिसू नये.

त्या काळचा प्रवासी साहेब पालखीच्या डाकेने जाई. त्यासाठी आगाऊ डाकघरात कळवावे लागे, म्हणजे टप्प्याटप्प्यावरच्या चौकीवर ताज्या दमाचे भोई उभे राहत. एका भोयांच्या जोडीच्या अंगात किती कोसांचे बळ आहे ते धरूनच मार्ग आखावा लागे. चौकी चुकली तर पालखी रानात बसलीच. हा मुद्दा श्रोत्यांनी स्मरणात ठेवावा. विजेच्या मोटारीकडे वळताना तो मला पुन्हा लागणार आहे.

एकोणिसाव्या शतकात मोजणीचे शास्त्र चाकावरून त्रिकोणावर आले. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ पहिली आधाररेषा मोजून हे कार्य आरंभिले. दोन बिंदूंमधले अंतर एकदा अत्यंत काटेकोरपणे मोजावयाचे, मग दोन्ही टोकांवरून तिसरा बिंदू पाहून केवळ कोन घ्यावयाचे. बाकीच्या बाजू गणिताने निघतात आणि त्रिकोणास त्रिकोण जोडीत देशाच्या टोकापर्यंत जाता येते. लॅम्बटन १८२३ च्या जानेवारीत, काम करता करताच, आपल्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे मरण पावला. त्याची समाधी तेथे आहे. त्याचा उत्तराधिकारी जॉर्ज एव्हरेस्ट ह्याने १८३१-३२ मध्ये कलकत्त्याच्या उत्तरेस बराकपूरच्या रस्त्यावर नवी आधाररेषा मोजली. लोखंडाची पट्टी उन्हाने वाढते आणि थंडीने आखडते. म्हणून लोखंड व पितळ ह्यांच्या दहा-दहा फुटी पट्ट्या अशा जोडल्या होत्या की, एकीची वाढ दुसरीने निष्फळ करावी. सपाट बंगालात झाडांवरून दूरचे दिसावे म्हणून त्या रेषेच्या दोन टोकांस सुमारे पंचाहत्तर फूट उंचीचे दोन विटांचे बुरूज बांधले. ते आजही उभे आहेत. त्यांच्या बुंध्याशी बसगाड्या कर्णे वाजवीत जातात आणि हा बुरूज कशाचा असे विचारले तर दहांतले नऊ लोक मान हलवतात.

त्याच वर्षी, १८३१ मध्ये, हिंदू कॉलेजात शिकलेला जोडासांकोचा एक अठरा वर्षांचा मुलगा ह्या खात्यात आकडेमोडीसाठी दाखल झाला. राधानाथ शिकदार त्याचे नाव. त्याच्या हुद्द्याचे इंग्रजी नाव होते ‘कॉम्प्युटर’. आज आपण यंत्राला जे नाव देतो आणि मराठीत ज्याला संगणक म्हणतो, ते तेव्हा माणसाचे होते. देहरादून येथे असताना, १८४३ मध्ये, खात्याच्या मजुरांना एका न्यायाधिकाऱ्याने वेठीस धरले म्हणून ह्या गणकाने त्यास अडविले आणि दोनशे रुपये दंड भरला. १८४९ मध्ये तो मुख्य गणक म्हणून कलकत्त्यास परतला. १८५२ च्या सुमारास, हिमालयातील ‘पंधरावे शिखर’ म्हणून नोंदलेला डोंगर जगात सर्वांत उंच आहे, हा निष्कर्ष त्याच्या आकडेमोडीतून निघाला. उंची २९,००२ फूट. शिखरास नाव दिले गेले ते एव्हरेस्टचे. शिकदार १८७० मध्ये वारला, आणि खात्याच्या मोजणी-पुस्तकातील जे गणिती भाग त्याचे म्हणून आधीच्या आवृत्त्यांत आभारपूर्वक नमूद होते, तेथून १८७५ च्या आवृत्तीत त्याचे नाव गळले. त्या वेळी एका इंग्रजी पत्रानेही ह्याबद्दल खात्यास धारेवर धरले होते.

दरम्यान शहर वाढत होते. १७९९ मध्ये मराठा खंदकाचा बराच भाग बुजवून त्यावर रस्ता झाला. उरलेला भाग शतकाच्या अखेरीपर्यंत बुजला. १८१७ मध्ये एक लॉटरी समिती स्थापन झाली आणि सोडतीच्या तिकिटांतून आलेल्या पैशांवर कॉलेज स्ट्रीट, स्ट्रँड रोड, कॉर्नवॉलिस स्ट्रीट असे सरळ, रुंद रस्ते निघाले. जुगाराच्या पैशाने सरळमार्ग निघाल्याचे हे उदाहरण इतिहासात विरळाच असेल.

विजेची गाडी कलकत्त्यास नवी नाही. २७ मार्च १९०२ रोजी एस्प्लनेडहून खिदिरपूरकडे पहिली विजेची ट्राम धावली. तिला नकाशाची गरज नव्हती. रूळ हाच तिचा नकाशा आणि डोक्यावरची तार हाच तिचा शिधा. वाट आणि वीज दोन्ही एकाच रेषेत बांधलेल्या. २०२४ मध्ये राज्य सरकारने एस्प्लनेड ते मैदान एवढाच मार्ग ठेवून बाकीची ट्राम बंद करण्याचे जाहीर केले, तेव्हा कलकत्त्यातील कित्येकांना घरातले वडीलधारे माणूस जात असल्यासारखे वाटले. आधुनिक विजेची मोटार रुळावरून सुटली आहे, तारेवरूनही सुटली आहे. आणि सुटल्यामुळेच तिला नकाशाची नड ट्रामपेक्षा कितीतरी अधिक आहे.

हा नकाशा तिच्या पडद्यावर आला कसा, ह्याची हकीकत लांब आहे; तिच्यातली दोन-तीनच स्थळे सांगतो. १९५६ हे वर्ष घ्या. त्या वर्षी प्राध्यापक शि. प्र. चटर्जी ह्यांच्या पुढाकाराने कलकत्त्यात राष्ट्रीय नकाशासंग्रहाची संस्था सुरू झाली आणि दुसऱ्याच वर्षी तिने स्वतंत्र भारताचा नकाशासंग्रह हिंदीत काढला. नकाशा देशी भाषेत वाचता येऊ लागला, ही मोठीच गोष्ट. त्याच १९५६ मध्ये आम्स्टरडॅमच्या एका कॉफीगृहात एड्स्गर डायक्स्ट्रा ह्या तरुणाने, दोन गावांमधली सर्वांत जवळची वाट यंत्राकडून कशी शोधून घ्यावी, ह्याची रीत कागद-पेन्सिलीवाचून सुमारे वीस मिनिटांत मनात जुळविली. पडद्यावरची निळी रेघ त्या रीतीच्या वंशातली आहे.

तिसरे स्थळ आकाशातले. अमेरिकेच्या लष्कराने १९७८ पासून सोडलेल्या उपग्रहांचे संकेत फोन ऐकतो. संकेत यावयास किती वेळ लागला त्यावरून प्रत्येक उपग्रहाचे अंतर काढतो. निदान चार अंतरे जुळली की आपण कोठे आहोत ते ठरते. एव्हरेस्ट कोन मोजीत होता, फोन अंतरे मोजतो. उभयतांचे आराध्य दैवत त्रिकोणच. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत सामान्य माणसाला मिळणारा संकेत अमेरिका मुद्दाम अंधुक करून देत असे. वाट दाखविणारा जेव्हा परका असतो तेव्हा त्याच्या मर्जीचा प्रश्न येतोच, आणि भारताने २०१३ ते २०१६ ह्या काळात आपले सात उपग्रह सोडून ‘नाविक’ ही यंत्रणा उभारली ती ह्याच जाणिवेने.

ह्या बाबतीत आपण स्वकीयही फारसे उदार नव्हतो, हे मी सरकारी नोकर असूनच सांगतो. एका जिल्ह्यात नेमणूक असताना पुराच्या दिवसांत मी नदीकाठचा मोठ्या प्रमाणावरचा नकाशा मागितला होता. ‘नियंत्रित’ असा शेरा मारलेली ती फाईल तीन टेबले फिरली आणि नकाशा हाती आला तेव्हा पाणी ओसरून गेले होते. २००५ च्या नकाशा-धोरणाने लष्करी आणि खुली अशा दोन मालिका वेगळ्या केल्या. २०१७ मध्ये खुले नकाशे नागरिकांना विनामूल्य उतरवून घेता येऊ लागले. आणि १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय माणसाला व संस्थांना पूर्वपरवानगीवाचून नकाशे करण्याची मोकळीक दिली. रेनेलपासून मोजले तर नकाशा राजाच्या पेटीतून प्रजेच्या हाती यावयास अडीचशे वर्षे लागली.

आता पुन्हा त्या मोटारीत येऊ. माझा चालक पन्नाशीचा, मूळचा बिहारचा, तीस वर्षे ह्या शहरात पिवळी टॅक्सी चालविलेला. मी त्याला विचारले, “इतकी वर्षे वाटा तोंडपाठ असताना हा नकाशा कशाला?” तो म्हणाला, “बाबूजी, रास्ते के लिए नहीं, बैटरी के लिए.” आणि मग त्याने जे समजावले ते कोणत्याही पुस्तकात मला इतके स्वच्छ मिळाले नसते. पेट्रोलचा पंप नाक्यानाक्यावर असतो. विद्युत्भारणाची केंद्रे अजून तितकी नाहीत, आणि भरावयास वेळही लागतो. म्हणून कोठे जावयाचे ह्याच्या जोडीला कितीत जावयाचे हा हिशेब आला. पूर्वेच्या बाह्यमार्गावरून किंवा उड्डाणपुलावरून वेगाने गेले तर वेळ वाचतो, पण वेगात वारा कापण्यासाठी वीज अधिक जाते. शहरातून रखडत गेले तर वेळ जातो, पण गाडी उभी असता यंत्र फुकट जळत नाही आणि ब्रेक दाबला की थोडी वीज बॅटरीत परतही येते. लवकरची वाट आणि स्वस्ताची वाट एक राहिलेली नाही. भोयांच्या दमावर मार्ग आखणारा तो पालखीतला साहेब आणि हा चालक ह्यांचे गणित एकच आहे. फक्त डाकचौकीच्या जागी विजेचा खांब आला आहे.

त्याची तक्रार निराळीच होती. फोनच्या नकाशाला रस्त्यावरची गर्दी क्षणाक्षणाला कळते, कारण पुढे अडकलेल्या हजारो माणसांचे फोन नकळत तिची वर्दी देत असतात. पण त्याच्या गाडीत फोनला बॅटरीतली शिल्लक कळत नाही. ती कळते गाडीबरोबर आलेल्या कंपनीच्या नकाशाला, आणि त्याचे गर्दीचे ज्ञान मागासलेले. दोघेही एकाच पडद्यावर येतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत. काही नव्या गाड्यांत ही अडचण दूर झाली आहे. कोठे फोनला बॅटरीची माहिती दिली जाते, कोठे नकाशाच गाडीत बसविलेला असतो. परंतु हा नुसता यंत्राचा दोष नव्हे. २०२३ मध्ये जनरल मोटर्स ह्या अमेरिकन कंपनीने जाहीर केले की, आपल्या पुढच्या विजेच्या गाड्यांत फोनचा पडदा गाडीच्या पडद्यावर उमटविण्याची सोय ठेवणार नाही. सर्व काही गाडीतल्याच यंत्रणेतून होईल. ग्राहकांनी कुरकुर केली ती ह्यासाठी की, डॅशबोर्डवरचे ते दीड वीत राज्य कोणाचे, हा वाद त्यात उघडा पडला. मोटार आपली, फोन आपला, वीज आपल्या पैशाची. पण आपण कोठून कोठे गेलो, कोठे थांबलो, किती वेळ थांबलो, ही वही कोणाच्या पेटीत जाते? रेनेलच्या वेळी वाट सांगणारा खेडूत निदान सांगितल्याचे जाणत होता. आम्ही रोज सांगतो आणि सांगितल्याचे आम्हांस ठाऊक नसते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये आपल्या संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आहे. कायदा अमलात आणणे कसे असते हे मी जवळून पाहिले असल्याने त्याविषयी एवढेच म्हणतो की, त्या पेटीची किल्ली कोणाकडे, हे विचारण्याचा अधिकार त्या कायद्यात नागरिकास दिलेला आहे आणि त्याने तो वापरला पाहिजे.

श्यामबाजारच्या अलीकडे एका गल्लीपाशी बाण डावीकडे वळला. चालकाने वळविले नाही. कलकत्त्यात काही रस्ते असे आहेत की, सकाळी ते एका दिशेने वाहतात आणि दुपारनंतर उलट्या. सबंध शहर हे घड्याळ अंगवळणी पाडून जगते. नकाशाला बहुधा हे ठाऊक असते, त्या दिवशी त्या गल्लीपुरते नव्हते. पडदा दोन वेळा वळण्याचा आग्रह करून गप्प बसला आणि त्याने निमूटपणे नवी रेघ ओढली. चालक हसला नाही, की त्याने नकाशाला नावेही ठेवली नाहीत. त्याने नुसता हात वर करून समोरच्या वाहतूक पोलिसाला ओळख दिली.

बागबाजारात आम्ही एका अरुंद बोळाच्या तोंडाशी उतरलो. दोन्ही बाजूंना जुनी घरे, एका ओट्यावर चहाची किटली. खंदक म्हणून आता तेथे काही दिसत नाही. नावात मात्र तो राहिला आहे. ‘मराठा डिच लेन’. चहावाल्या म्हाताऱ्याने मी कोठला म्हणून विचारले. मी महाराष्ट्राचा म्हणून सांगितल्यावर त्याने एकदा माझ्याकडे आणि एकदा पाटीकडे पाहिले, आणि बंगालीत म्हणाला की, यावयास जरा उशीरच केलात. मग त्याने दोन भांडी चहा पुढे केला. मागे मोटारीतला पडदा अजून उजळलेला होता. आपण मुक्कामी पोहोचलो आहोत आणि बॅटरीत एकसष्ट टक्के शिल्लक आहे, असे तो सांगत होता.